पाण्याची टाकी साफ करून देणाऱ्यांनी आमच्या सोसायटीला कसं फसवलं

आमची सोसायटी सिंहगड रोडच्या बाजूला आहे. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडायचा आजार) पेशंट निघायला लागले, एनआयव्हीने, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जीवाणू सापडला, रोज पाण्याच्याच बातम्या, तेव्हा इकडे घरोघरी पाणी उकळून प्यायचं चालू होतं आणि तरी पोरांचं पोट जरा बिघडलं की जीव वरखाली व्हायचा. नेमकी त्याच वेळी टाकी सफाईवाल्यांची पत्रकं गेटवर पडायला लागली. त्यातल्याच एकांनी आम्हाला फसवलंय आणि आता ते आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये फिरतायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

बोलणं एकदम भारी होतं. सहा टप्प्यांची सफाई, म्हणजे पाणी उपसणार, गाळ काढणार, प्रेशरने भिंती धुणार, व्हॅक्यूम मारणार, जंतुनाशक फवारणार आणि शेवटी यूव्ही लाइट फिरवून उरलेसुरले जंतू मारणार, वर लॅबचा रिपोर्ट फ्री. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, १८,००० रुपये अ‍ॅडव्हान्स. कमिटीने चेक दिला.

प्रत्यक्षात दोन पोरं आणि एक सुपरवायझर आला. खालच्या टाकीत एक पोरगं सरळ उतरलं, ना कमरेला दोरी ना वर कोणी उभं, शेवटी आमचे वॉचमन काकाच झाकणापाशी बसून त्याला हाका मारत राहिले. बंद टाकीत हवा खराब असते, अशी माणसं दगावल्यात हो, जी कंपनी स्वतःच्या पोरांची एवढी काळजी घेत नाही ती आपल्या पाण्याची काय घेणार? फवारायचं औषध बिनलेबलच्या कॅनमधलं होतं आणि त्यानंतर नळाला चक्क फिनेलचा वास यायला लागला. फिनेल फरशीसाठी असतं, पिण्याच्या टाकीत त्याचं कामच नाही.

मग तो यूव्ही लाइट. निळी ट्यूब टाकीत सोडली, जरा फिरवली, लगेच बाहेर, आणि सगळे कौतुकाने वाकून बघतायत. जंतू मारणारा यूव्ही २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, तो डोळ्यांना आणि कातडीला घातक असतो, त्याच्याकडे असं बघायचंच नसतं, शिवाय तो जिथे थेट पडतो तिथेच काम करतो, गाळाखाली किंवा कोपऱ्याआड काही करत नाही. माझा भाचा इलेक्ट्रिशियन आहे, त्याने फोटो झूम करून ट्यूबवरचं वाचलं तर ती हॉटेलात माशा पकडायच्या मशीनमध्ये लावतात ती निघाली! त्या उजेडाला माशा येतात, बाकी जंतूंना त्याने काही होत नाही.

पण खरी पकडली ती रिपोर्टने. सफाई झाली त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट हजर, कोलिफॉर्म नाही, ई-कोलाय नाही (पाण्यात मैला मिसळलाय का ते ज्यांवरून कळतं ते जीवाणू), खाली शिक्का, सही, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी डेअरीच्या लॅबमध्ये आहेत, त्यांनी बघताक्षणी सांगितलं की हे शक्यच नाही, पाण्यातले जीवाणू आधी वाढवावे लागतात, नेहमीच्या टेस्टला २४ ते ४८ तास जातातच, मग सकाळी घेतलेल्या पाण्याचा निकाल संध्याकाळी कुठून आला? रिपोर्टवर ज्या लॅबचं नाव होतं तिथे फोन केला तर ते म्हणाले हा रिपोर्ट नंबर आमचा नाहीच, आम्ही असा नमुना घेतलेलाच नाही. मग वरच्या टाकीचं झाकण उघडलं तर कोपऱ्यात गाळ तसाच. ‘सफाईनंतर’ म्हणून पाठवलेल्या फोटोत पांढऱ्या टाइल्सची टाकी होती, आमची साध्या सिमेंटची आहे. एवढा राग आला ना!

पैसे मागितले तर आधी साहेब बाहेरगावी, मग फोनच बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केलीय, पोलिसांकडेही अर्ज दिलाय, पैसे अजून आलेले नाहीत.

टाकी आम्ही परत धुवून घेतली, आणि त्यात मशीनचं काही विशेष नाही. आधी गाळ काढून भिंती ब्रशने घासायच्या, कारण घाण तशीच ठेवली तर क्लोरीन त्या घाणीवरच खर्च होतं. मग ब्लीचिंग पावडर, गावाकडे जिला टीसीएल म्हणतात ती. पोतं ताजं बघून घ्या, चांगल्या पावडरीत ३० टक्क्यांच्या वर क्लोरीन असतं पण उघडी दमट राहिली की ते उडून जातं. पाणी भरल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, बादलीत कालवून वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं. नळाला क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी लागावं, ते क्लोरोस्कोपवर, म्हणजे क्लोरीन तपासायच्या छोट्या किटवर, पिवळ्या रंगावरून कळतं. आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड या पावडरीजवळही नेऊ नका, विषारी गॅस होतो. जंतूंच्या टेस्टसाठी पाणी लॅबला स्वतः नेऊन द्या, बाटली त्यांच्याकडूनच घ्या, सफाईवाल्याच्या हातात नमुना देऊ नका.

त्याच फोटोंचं पत्रक परवा शेजारच्या सोसायटीत आलंय, नाव बदललंय पण पांढऱ्या टाइल्सची टाकी तीच आहे. तुमच्याकडे असं कोणी आलं तर एकही रुपया अ‍ॅडव्हान्स देऊ नका, आणि रिपोर्टवर नमुना घेतल्याची आणि निकालाची अशा दोन्ही तारखा आधी बघा.