हायाबुसाचं इंजिन घेताना मी कसा फसलो

इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, म्हणजे सम्प, सोडवला आणि तेल काकवीसारखी तार धरत ट्रेमध्ये उतरलं. मोटरसायकलचं 10डब्ल्यू-40 तेल असं कधी पडत नाही. टॉर्च मारला तर त्यात तांबूस चमक दिसली, बारीक रांगोळी सांडावी तशी. ती बेअरिंगची झीज होती. 1,900 पाउंड आणि चार महिन्यांचे शनिवार-रविवार पाण्यात गेले, हे तिथंच फरशीवर बसल्या बसल्या कळलं.

मी मूळचा सांगलीचा, नोकरीमुळे कॉव्हेंट्रीत राहतो. हलक्या स्पोर्ट्स कारला मोटरसायकलचं इंजिन लावायचं वेड इंग्लंडमध्ये जुनं आहे. लोटस या इंग्लिश कंपनीनं 1957 साली काढलेल्या 'सेव्हन'च्या धर्तीवरच्या गाड्या इथं लोक घरच्या गॅरेजात जोडतात. गाडीचं वजन जेमतेम पाचशे किलो. तिला 1299 सीसीचं सुझुकी हायाबुसाचं इंजिन बसवलं की दहा हजारांच्या वर फिरणारं इंजिन आणि सहा गिअरचा सिक्वेन्शियल (ओळीनंच गिअर बदलणारा) गिअरबॉक्स एकाच ठोकळ्यात मिळतो. रिव्हर्स गिअर नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. लहानपणापासून काकांच्या गॅरेजात पाने उचलून देत वाढलेल्या माणसाला याहून मोठं स्वप्न नव्हतं.

जुनं फोर्ड इंजिन बसलेली एक सेव्हन मी स्वस्तात घेतली आणि हायाबुसाचं इंजिन शोधायला लागलो. एका माणसाची जाहिरात दिसली. अपघातातल्या बाइकचं इंजिन, फक्त नऊ हजार मैल चाललेलं, वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि किल्लीसकट. वर लिहिलं होतं की कारसाठीचा उथळ सम्प आधीच बसवलाय, आत बॅफलही आहेत.

बॅफलच्या या एका वाक्यानं मी गळाला लागलो. मोटरसायकल वळणावर झुकते, त्यामुळे तेल सम्पच्या तळाशीच राहतं. कार झुकत नाही. वळणात एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, जोर आला की तेल 45 अंशांत तिरपं होऊन एका बाजूला चढतं आणि पिकअपच्या, म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीच्या, तोंडाशी हवा येते. मॅलरी पार्क या रेस ट्रॅकवरच्या जेरार्ड्ससारख्या लांबलचक वळणात असं काही सेकंद झालं तरी बिग-एंड बेअरिंगची (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगची) वाट लागते. म्हणून सम्पमध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल घालतात, नाहीतर ड्राय सम्पचा, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवण्याचा, खर्च करतात. इथं ते काम आयतं झालेलं मिळत होतं. सम्प उघडायचं कारणच त्यानं काढून घेतलं होतं, हे मला फार उशिरा समजलं.

त्यानं चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. इंजिन एका झटक्यात सुरू, आवाज स्वच्छ. आज तो व्हिडिओ पाहिला की एकच गोष्ट दिसते: इंजिन थंड आहे. थंड इंजिनात जाड तेल भरलं की खराब बेअरिंगचा ठोका दबून राहतो. तेल तापून पातळ होईपर्यंत, म्हणजे निदान पंधरा मिनिटं चालवून, गरम असताना तेलाचा दाब पाहायला हवा. मी मागितलंच नाही.

घरी ये म्हणाला नाही. मोटरवेच्या कडेच्या पार्किंगमध्ये भेटलो, दोघांनी मिळून इंजिन माझ्या व्हॅनमध्ये चढवलं. पैसे मी तिथंच फोनवरून बँकेतून पाठवले. पावतीच्या चिठ्ठीवर रक्कम होती, पण इंजिन नंबर नव्हता. इंजिन बदललं की इथं परिवहन खात्याला, डीव्हीएलएला, कळवावं लागतं आणि नव्या इंजिनाचा पुरावा द्यावा लागतो, एवढं माहीत असूनही नंबर लिहून घेतला नाही. त्या दिवशी मला घाई झाली होती.

पुढचे चार महिने माउंटिंग, प्रोपशाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) ॲडॅप्टर, वायरिंग. गाडी रस्त्यावर आली आणि तिसऱ्याच दिवशी चौथ्या गिअरला क्लच स्लिप व्हायला लागला. बाइकमध्ये क्लच आणि इंजिन एकाच तेलात असतात. ठोका दाबायला इंजिनात जे घट्ट रसायन ओतलं होतं, तेच क्लच प्लेटांना घसरवत होतं. दोन दिवसांनी गरम इंजिनात खालून ठोका सुरू झाला.

रात्री काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका सत्तरीचे, हायाबुसा त्यांनी कधी उघडलेली नाही. इंजिन आणलं त्या दिवशीचे फोटो दाखवले. पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, जागेचा फोटो आला तसे ते थांबले.

"आरं, चेनचा मळ कुठाय हितं?"

मी म्हटलं, "काका, धुतलं असेल त्यानं."

"धुतलं तरी कानाकोपऱ्यात ऱ्हातंयच. आन् ते दाते बघ, कसं चकाकत्यात. हितं चेन नव्हती रं, दुसरंच कायतरी जोडलेलं हुतं."

खरं होतं. बाइक नऊ हजार मैल चालली की स्प्रॉकेटच्या झाकणामागे वंगण आणि धूळ यांचा काळा चिकट थर साचतोच. इथं तो नव्हता. शाफ्टच्या दात्यांवर ॲडॅप्टर घासल्याच्या ताज्या खुणा होत्या. म्हणजे हे इंजिन आधीच कुठल्यातरी कारमध्ये, बहुधा ट्रॅकवर, मार खाऊन आलेलं. दुसऱ्या दिवशी सम्प उघडला. आत एकही बॅफल नव्हता. तिसऱ्या सिलिंडरचे बेअरिंग शेल तांब्यापर्यंत उतरले होते.

त्याचा फोन बंद. दुकानदाराकडून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर 2015 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे 30 दिवसांत परत करता येते, पण हा स्वतःला खासगी विक्रेता म्हणवत होता आणि माझे चार महिने उलटले होते. खासगी विक्रेत्यानं वर्णन खोटं केलं तरी दावा लावता येतो. बॅफलचा मेसेज माझ्याकडे आहे. पण दावा लावायला पत्ता लागतो, तो माझ्याकडे नाही. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, पुढे काही नाही. क्रेडिट कार्डानं पैसे घेणाऱ्या दुकानातून इंजिन घेतलं असतं तर निदान कार्ड कंपनीला धरता आलं असतं.

कुणी असं इंजिन घेणार असेल तर हात जोडून सांगतो, ज्या दिवशी ते घरात येईल त्याच दिवशी सम्प काढा. गॅस्केटचा खर्च होईल, होऊ दे. तेलाचा फिल्टर कापून त्याची घडी पांढऱ्या कागदावर उलगडा, धातूचा चुरा असेल तर दिसेल. बोल्टची डोकी गोल झालीत का, सांध्यावर कंपनीच्या सीलंटऐवजी निळा सिलिकॉन बाहेर आलाय का, हे बघा, म्हणजे इंजिन आधी कुणी उघडलं होतं का ते कळेल. माझ्या इंजिनाला दोन्ही होतं, आणि माझ्याच फोटोत ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

गेल्या महिन्यात दुसरं इंजिन घेतलं, फ्रेममध्येच असलेलं, पुढचा काटा वाकलेल्या बाइकचं. मालकाच्या घरी जाऊन वीस मिनिटं चालवलं. झाकण काढून आत बोट फिरवलं, काळं झालेलं बोट काकांना दाखवलं. "आता घे," म्हणाले. आधी चिठ्ठीवर इंजिन नंबर लिहून घेतला, मग पैसे दिले.