सहा रीजन्सी कादंबऱ्या, पोस्टातल्या बाईच्या नजरेतून

पहिल्याच कादंबरीत, चौदाव्या पानावर, नायिकेने पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, वर तिकीट चिकटवलं आणि मी टॅबलेट मांडीवर उपडा ठेवून हसत सुटले. कथेतलं साल १८१४. टपालाचं पहिलं चिकट तिकीट निघालं १८४० च्या मे महिन्यात. म्हणजे बाईसाहेब सव्वीस वर्षं आधीच तिकीट जिभेला लावून बसल्या होत्या. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढल्यावर असलं काही नजरेतून सुटत नाही, त्याला माझा इलाज नाही.

तर हे एका ई-बुक संचाबद्दल. सहा इंग्रजी रीजन्सी प्रेमकथा, सहा लेखिका, एकच फाइल. नावं मुद्दाम देत नाही. दोघींचं तर पहिलंच पुस्तक आहे आणि मी फार गोड बोलणार नाही. रीजन्सी म्हणजे तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाल्यावर त्याच्या वतीने युवराजाने कारभार पाहिला तो काळ, १८११ ते १८२०. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच वर्षांत छापून आल्या. पुढे १९३५ पासून जॉर्जेट हेयरने हाच काळ धरून एकामागून एक प्रेमकथा लिहिल्या आणि या कथांची घडी बसली ती तिच्यामुळे.

ड्यूक देखणा आहे का, नायिका बाणेदार आहे का, हे मी नंतर बघते. आधी बघते पत्र. या मंडळींना एकांतात भेटायची सोय नाही, त्यामुळे कथेचा अर्धा भार टपालावर. आणि ते टपाल काय होतं! पैसे बहुतेक वेळा भरायचे पत्र घेणाऱ्याने. आमच्या खिडकीवरच्या भाषेत सांगायचं तर अख्खं इंग्लंड एकमेकांना ‘नॉट पेड’ पत्रं पाठवत होतं, फक्त दंड नव्हता. आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. १८१२ च्या दराने लंडनहून यॉर्कला एका कागदाचे ११ पेन्स, दोन कागद असले की २२. एवढ्यात शेतमजुराचा जवळपास एक दिवस निघायचा. पाकीट म्हणजे दुसरा कागदच, म्हणून पाकीट नाही. तोच कागद दुमडायचा, लाखेचा ठिपका द्यायचा, पत्ता बाहेरच्या घडीवर. मजकूर मावला नाही तर कागद आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा लिहायचं. असलं पत्र वाचायचं म्हणजे चाळणीतून चेहरा ओळखायचा.

दुसरी कादंबरी लिहिणारीला हे सगळं माहीत आहे, आणि तिने ते माहीत असल्याचं दाखवलेलं नाही. यॉर्कशायरमधल्या एका पाद्रीबाबांची मुलगी. लंडनहून मावशीचं पत्र येतं, तीन कागदांचं, आणि पाद्रीबाबा ते हातात घेऊन नुसते उभे राहतात. घ्यावं की परत करावं? मागच्या आठवड्यात कोळसा आणलाय. त्या उभं राहण्यात घरची सगळी परिस्थिती आली, वेगळं वर्णन नाही. माझ्यासमोर अशी माणसं उभी राहिलेली आहेत, खिशात हात घालून, नजर माझ्याकडे न देता.

पुढची युक्ती तर मला सुचली असती तर मीच कादंबरी लिहिली असती. पार्लमेंटच्या सदस्यांना टपाल माफ असायचं, पण अट होती: पत्ता सदस्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचा, तारखेसह, खाली सही. दिवसाला किती पत्रं, यालाही मर्यादा. मावशीच्या घरी येणारा-जाणारा एक सदस्य आहे, जरा तुसडा. पाद्रीबाबांना पैसे पडू नयेत म्हणून तो मावशीच्या पत्रांवर पत्ता घालून देऊ लागतो. आत मावशीच्या संधिवाताचा वृत्तांत, बाहेर त्याचं अक्षर. त्या काळी बिनलग्नाच्या मुलीने परक्या पुरुषाशी पत्रव्यवहार केला म्हणजे लग्न ठरलं असंच लोक धरून चालायचे, त्यामुळे हा तिला एक ओळ लिहू शकत नाही. लिहितो फक्त तिचं नाव आणि गावाचं नाव. आणि ती ते वाचते. आतलं नंतर. जानेवारीत ‘मिस’मधला एस जरा लांबतो, मार्चमध्ये आणखी लांबतो. दोघांमध्ये दोनशे पानं एवढंच घडतं आणि मी रात्री दीड वाजेपर्यंत जागी.

(ऑस्टिनच्या ‘एमा’ कादंबरीतली जेन फेअरफॅक्स भर पावसात स्वतः पोस्टात जाते आणि वर टपालखात्याचं तोंडभरून कौतुक करते. आमच्या खात्याला साहित्यात इतका मान क्वचितच मिळाला असेल.)

तिसरीवर मात्र मी रागावले. नायक कर्नल, मराठ्यांशी लढून, खांद्यावर जखम आणि भरपूर पैसा घेऊन परतलेला. तो पैसा कुणाचा, हा प्रश्न चारशे पानांत कुणालाही पडत नाही. मला पहिल्या पानावर पडला. बरं, ते सोडा. १५ नोव्हेंबर १८१७ ला लंडनमध्ये नाच चालू आहे आणि कुणीतरी वर्तमानपत्रातून खडकीच्या लढाईची बातमी वाचून दाखवतं. खडकीची लढाई ५ नोव्हेंबरची. बातमी जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून यायची, त्याला काही महिने लागत. दहा दिवसांत ती पोचवणारा पोस्टमन मला भेटवा. आणि नाच कसला? ६ नोव्हेंबरच्या पहाटे राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली होती, मूलही मेलेलं जन्मलं होतं. सिंहासनाची वारस ती. सगळा देश काळ्या कपड्यांत होता. लेखिकेने तारीख निवडली ती नेमकी हीच! एक महिना मागे सरकली असती तर नाच तरी निभावला असता.

चौथीत पळून जाऊन स्कॉटलंडच्या ग्रेटना ग्रीनला लग्न. इंग्लंडमध्ये एकवीसच्या आतल्यांना परवान्यावर लग्न करायला वडिलांची संमती लागे, तिकडे लागत नसे. घोडे बदलण्याची, सरायांची वर्णनं चांगली. बाकी आठवत नाही. पाचवीत प्रत्येक पुरुषाच्या खिशात स्पेशल लायसन्स, म्हणजे कुठेही, कधीही लग्न लावायचा खास परवाना, जणू कँटरबरीचे आर्चबिशप ते रुमालांबरोबर वाटत होते. शिवाय नायिका ड्यूकला ‘माय लॉर्ड’ म्हणते. ड्यूकला ‘युअर ग्रेस’. अर्ध्यात सोडली.

सहावीत चूक शोधून सापडली नाही. टपालाचे दर बरोबर, रात्री आठला लंडनहून सुटणारी टपालगाडी बरोबर, तिच्यावरचा बंदूकधारी गार्डही बरोबर. आणि नायक-नायिका अशी बोलतात की खात्याची परिपत्रकं एकमेकांना वाचून दाखवतायत.

म्हणून मग मी पहिलीकडे परत गेले, तिकीटवालीकडे. तिच्यात शेवटी कळतं की ते पत्र नायकाने फोडलेलंच नव्हतं. नकार असेल या भीतीने चार महिने कोटात घेऊन फिरला. ती म्हणते, ‘दे इकडे, मी वाचते.’ आणि जे लिहिलं होतं ते न वाचता भलतंच काहीतरी वाचून दाखवते, आज जे वाटतं ते. तो कागद मागतो, ती देत नाही. हे पान मी तीनदा वाचलं. तिकीट तिन्ही वेळा खुपलं.

तारे द्यायचे तर दुसरीला पाच, पहिलीला तिकिटासकट चार, सहावीला अडीच, चौथीला दोन, तिसरीला एक. पाचवी पुरी केली नाही, त्यामुळे तिला काही नाही. आणि ज्यांनी हा संच बांधला त्यांनी अनुक्रमणिका दिलेली नाही. दुसरी कादंबरी गाठायला पहिलीची सगळी पानं बोटाने सरकवावी लागतात.