व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: अ‍ॅप चांगलं आहे, पण त्यातलं तयार बोलणं आधी काढा

साडीचा फोटो पाठवला की पहिला प्रश्न ठरलेला: "रंग असाच आहे ना?" घरून साड्या विकणाऱ्यांचा धंदा या एका उत्तरावर चालतो. २०१८ मध्ये आलेलं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप अशा छोट्या विक्रेत्यांना खरोखर उपयोगी आहे. मात्र ते मिळतं तसंच वापरलं, तर समोर माणूस आहे की यंत्र, हेच गिऱ्हाइकाला कळत नाही.

पहिली गडबड ग्रीटिंग मेसेजची. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला तो आपोआप जातो आणि १४ दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्या गिऱ्हाइकालाही जातो. तीन आठवड्यांपूर्वी साडी घेतलेली बाई फॉल-पिकोबद्दल विचारते आणि तिला "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद" असं छापील उत्तर मिळतं. आपल्याला ओळखलंच नाही, असं तिला वाटणारच. उपाय सोपा आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर सेव्ह करा. मग बिझनेस टूल्समध्ये ग्रीटिंग मेसेज उघडून, तो फक्त अ‍ॅड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना जाईल असा पर्याय निवडा. मजकूरही स्वतः लिहा: तुमचं नाव, तुम्ही काय विकता आणि उत्तर किती वाजेपर्यंत मिळेल. एकटीच काम करत असाल तर "आमची टीम" लिहू नका. "पॅकिंग मीच करते, दुपारी २ नंतर उत्तर देईन" हे वाचून लोक निवांत थांबतात.

अवे मेसेजलाही, म्हणजे तुम्ही उत्तर देऊ शकत नसताना आपोआप जाणाऱ्या मेसेजलाही, हेच लागू. "लवकरच" ऐवजी वेळ लिहा. फोनचं इंटरनेट बंद असेल तर हा मेसेज जातच नाही, हेही लक्षात असू द्या.

अ‍ॅपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कॅटलॉग, तुमच्या मालाची फोटो आणि किमतीसकट यादी. त्यात ५०० वस्तू बसतात आणि प्रत्येकीला १० फोटो लावता येतात. बहुतेक जण दोनच लावतात, तेही फिल्टर मारून. फोटो सकाळी खिडकीशी काढा, थेट ऊन नको आणि ट्यूबलाइट बंद ठेवा. साडीशेजारी पांढरा कागद ठेवला की रंग किती बदललाय ते बघणाऱ्याला लगेच समजतं. पूर्ण साडी, पदर, काठ जवळून आणि उलटी बाजू, एवढे फोटो हवेतच. पैठणीत तर उलटी बाजू सगळं सांगते. हातमागावर विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, जॅकार्डवरच्या, म्हणजे नक्षी यंत्राने उचलणाऱ्या मागावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. यंत्रमागाची साडी असेल तर तसं सरळ लिहा. ती कमी किमतीत हवी असणारी गिऱ्हाइकं भरपूर आहेत. परत येतात त्या साड्या न सांगता विकलेल्या.

किमतीचा रकाना रिकामा सोडता येतो, पण सोडू नये. "किमतीसाठी मेसेज करा" म्हटलं की माणूस बघून भाव सांगतात, अशी शंका येते. कुरिअर आणि फॉल-पिको किमतीत धरलंय का, तेही तिथेच लिहा.

क्विक रिप्लाय, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, ५० पर्यंत साठवता येतात, स्लॅश दाबला की यादी येते. पत्ता, पैसे पाठवायची माहिती, साडी कशी धुवायची यासाठी ते उत्तम आहेत. तक्रारीला मात्र साठवलेलं "गैरसोयीबद्दल क्षमस्व" कधीही पाठवू नका. साडीचा धागा निघालाय म्हणणाऱ्या बाईला वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवा: काय झालं ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगा, मग बदलून देणार की पैसे परत करणार ते सांगा, आणि कधी तेही.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवणं. त्याच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरलाच नंबर सेव्ह करायला सांगा. रोज सुप्रभातची चित्रं पाठवलीत तर लोक ब्लॉक करतात, आणि तक्रारी वाढल्या तर नंबरच बंद पडू शकतो. नवा माल आला की तेवढंच कळवा.

उणिवाही आहेत. एकच नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, तेव्हा धंद्याला वेगळा नंबर घ्या. मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, पण उत्तर कुणी दिलं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. घरातले दोघं बोलत असाल तर मेसेजखाली आपापलं नाव लिहा. पैसे भरून मिळणारी निळी खूण तुमच्या नावाने दुसऱ्या कुणी खातं काढलं तर कामाला येते, साडी हातमागाची आहे की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी उलट्या बाजूचा फोटोच लागतो.