आठ महिने, चार विभाग आणि एक टिंब

गेल्या मंगळवारी आमची पॅकिंग लाइन सहा तास बंद होती. माल तयार, ट्रक दारात, आणि खोकी नाहीत. त्या सहा तासांत बसून हे लिहायला घेतलं, त्यामुळे सूर जरा तिखट लागेल.

आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या ज्या सॉफ्टवेअरबद्दल हे लिहितोय, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सेल्सचा फोरकास्ट, प्रॉडक्शनचा प्लॅन, परचेसच्या ऑर्डरी, स्टोअरचा स्टॉक असं सगळं एकाच पडद्यावर आणणारी सॉफ्टवेअरं असतात, त्यातलंच एक. काय काय मिळतं ते तुम्हाला माहीत असेलच. मी प्लॅनिंगमध्ये आहे, रोजचे चार-पाच तास यातच जातात.

दोन महिन्यांनी विचारलं असतंत तर 'पैसे पाण्यात' म्हणालो असतो. सेल्सवाले आपली एक्सेल शीट सोडायला तयार नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी ती मेलवर यायची आणि तेच आकडे मी पुन्हा टाकत बसायचो. नुसती हमाली.

मत बदललं ते एका रकान्यामुळे. कुठलाही आकडा बदलला की 'कारण' लिहिल्याशिवाय सेव्ह होत नाही. कोणी आणि कधी बदलला, तेही शेजारी दिसतं. तिसऱ्या महिन्यात एका मालाची गरज १३२० दिसत होती. रकाना उघडला तर डीलरची मूळ मागणी १०००. सेल्सने 'कमी पडायला नको' म्हणून २० टक्के चढवलेले, त्यावर परचेसने 'रिजेक्शन धरून' आणखी १०. मागणीचा आकडा हातोहात पुढे जाताना असा फुगत जातो, त्यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला तो डायपरमध्ये दिसला होता: बाळं काही एका आठवड्यात दुप्पट होत नाहीत, पण पुरवठादारांकडे जाणाऱ्या ऑर्डरी मात्र भलत्याच वरखाली. आमच्याकडे तो सोमवारच्या मिटिंगमध्ये दिसला. सेल्सचे साहेब हसले, परचेसच्या मॅडम हसल्या नाहीत. पण जादा धरायचं ते एकदाच, आणि प्लॅनिंगने, हे तिथेच ठरलं. पुढचे चार महिने सुखाचे गेले. शुक्रवारची शीटही बंद झाली.

आता मंगळवार. खोक्यांच्या सप्लायरने लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ, ९ दिवसांवरून १६ केला होता, आणि मी स्वतः तो भरला होता. कोणीतरी तो परत ९ केला. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीनडीला ठेवलेला जादा माल, लीड टाइमच्या वर्गमुळाने हलतो, म्हणजे ४ च्या जागी ३: पाव स्टॉक तिथेच उडाला. वर ऑर्डर सुटली सात दिवस उशिरा.

रकाना उघडला. कोणी: 'परचेस १'. कारण: '.'

हो, नुसतं टिंब. सिस्टीमला ते चालतं. मग मी चिडून सगळा इतिहास चाळला. आठ महिन्यांत ४१ टिंबं! सपोर्टला चार तिकिटं टाकली की किमान दहा अक्षरं सक्तीची करा. चारही वेळा उत्तर एकच, 'हे डिझाइननुसारच आहे.' एक्सेलमध्ये डाउनलोड करताना हा रकाना गळतो, तेही बहुधा डिझाइननुसारच. बाकी मोबाइल अ‍ॅप मंद आहे, रिपोर्ट चांगले आहेत.

आणि 'परचेस १' म्हणजे कोण? तिघं जण. लायसन्स माणशी असल्यामुळे आम्ही परचेस आणि स्टोअरला एकेकच लॉगिन घेतलं होतं. ही काटकसर सुचवणारा मीच, तेव्हा मिटिंगमध्ये शाबासकीही मिळाली होती. आता त्या तिघांपैकी प्रत्येक जण म्हणतो, मी नाही बदललं.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. मी चार जादा लॉगिनची मागणी टाकली. काल अकाउंट्सकडून ती परत आली, शेरा मारून: 'दोन-दोन जणांत एक चालणार नाही का?'