कच्चे टोमॅटो: अढी लावायची की झाड टांगायचं?

न्यू जर्सी किंवा शिकागोकडे ऑक्टोबर सरत आला, की परसातल्या टोमॅटोचा निर्णय एका संध्याकाळवर येऊन ठेपतो. रात्री फ्रॉस्टचा, म्हणजे दंव गोठवणाऱ्या थंडीचा इशारा आणि झाडावर अजून दहा-बारा पौंड हिरवी फळं. जुनी चादर टाकून एक-दोन रात्री निभावतात. पण दिवसाही हवा 50 फॅरनहाइटच्या खाली राहू लागली, की फळ झाडावर ठेवण्यात अर्थ नाही. पुढे ते लाल झालं तरी चव पाणचट लागते. मग दोनच वाटा उरतात: फळं तोडून खोक्यात आंब्यासारखी अढी लावायची, किंवा अख्खं झाड मुळासकट उपटून गराजमध्ये उलटं टांगायचं.

फळ पुरतं भरलेलं असणं दोन्हीकडे गरजेचं. पूर्ण आकाराचं, चकचकीत आणि बुडाशी पांढुरकं दिसणारं फळ सहसा तयार असतं. शंका असेल तर त्यातलंच एक आडवं चिरा. बियांभोवती बुळबुळीत गर धरलाय आणि सुरी लागताच बिया बाजूला सरकतायत, तर त्याच्या जोडीची फळं पिकतील. बियाच चिरल्या गेल्या तर माल कोवळा आहे. तो कुठेही ठेवला तरी सुरकुततो.

टांगण्याचं काम झटपट होतं हे मान्य. माती झटकायची, मोठी पानं खुडायची आणि मुळाशी सुतळी बांधून खुंटीला अडकवायचं. चेरी टोमॅटोचे घोस एकेक तोडत बसण्यापेक्षा हे नक्कीच सोपं. झाडातला रस फळात उतरत राहतो म्हणून चव चांगली येते, असंही सांगतात. मला तरी जेवताना तो फरक कळलेला नाही.

माझं मत फिरलं ते फळगळीमुळे. टोमॅटोच्या देठावर, फळाच्या किंचित वर, एक फुगीर गाठ असते. झाड वाळत गेलं की पिकलेलं फळ नेमकं तिथून सुटतं. म्हणजे जे सगळ्यात आधी तयार होतं, तेच सकाळी सिमेंटवर फुटलेलं मिळतं. खाली गोधडी अंथरली तरी मुका मार बसतोच, आणि दोन दिवसांत तिथे मऊ काळा डाग धरतो. शिवाय नोव्हेंबरात न तापवलेलं गराज रात्री 50 च्या खाली जातं, मग पिकणंही रखडतं.

खोक्याला कष्ट थोडे जास्त, पण लगाम आपल्या हातात राहतो. फळं पावसात तोडू नका. कोरडी पुसा आणि देठ काढून टाका, नाहीतर त्याचं टोक शेजारच्या फळाला भोसकतं. तळाशी वर्तमानपत्र, त्यावर एकमेकांना न टेकणारी फळं, वर पुन्हा कागद. दोन थरांपेक्षा जास्त नको. उजेडाची गरज नसते, त्यामुळे खिडकीत मांडणं उगाचच. 65 ते 70 अंशांच्या खोलीत साधारण दोन आठवडे लागतात, 55 च्या तळघरात महिनाभर. म्हणून अर्धी वर, अर्धी खाली ठेवली तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत पुरवठा चालतो. घाई असेल तर त्यात एक पिकलेलं केळं ठेवा. त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने बाकीची लवकर रंग धरतात. बंद प्लॅस्टिक पिशवी मात्र टाळा. आत घाम धरतो आणि बुरशी येते.

खोक्याचा खरा दोष एकच: एक सडलं की शेजारी जातात. दर तिसऱ्या दिवशी हात फिरवायलाच हवा. हे जमणार नसेल तर टांगणंच बरं. मात्र झाडावर लेट ब्लाइट या करपा रोगाचे तपकिरी, तेलकट चट्टे असतील तर दोन्ही वाटा बंद. ती फळं बहुधा आतून नासतात. आणि फ्रॉस्टने मेलेल्या झाडावरची फळं बाटल्यांत कॅनिंग करून, म्हणजे उकळून हवाबंद करून ठेवू नका. त्यांची आम्लता कमी झालेली असू शकते, आणि कॅनिंगची सुरक्षितता त्या आम्लतेवरच असते.

कोवळ्या मालाची त्याच आठवड्यात चटणी करा. पाव किलो फोडी आणि चार हिरव्या मिरच्या तेलात मऊ परता. दोन चमचे भाजलेले तीळ, तेवढंच दाण्याचं कूट, लसूण, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून जाडसर वाटा. वरून हिंग-मोहरीची फोडणी. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगली राहते.