क्वीन्सटाऊनसाठी घेतलेले गरम कपडे : परभणीचा एक हिवाळा अन् एक उन्हाळा काढल्यावर

गेल्या जुलैत पेरण्या उरकल्या, कोळपणी धाकट्या भावाच्या गळ्यात घातली आणि आम्ही दोघं लेक-जावयाकडं न्यूझीलंडला गेलो. ते क्राइस्टचर्चला असतात. तिथून गाडीनं लिंडिस पासचा घाट ओलांडून क्वीन्सटाऊन. आपल्याकडं चिखल तुडवायचे दिवस, तेव्हा तिकडं बर्फाचा हंगाम, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचे, स्की करायचे दिवस. जाण्याआधी जो तो एकच सांगायचा, "जॅकेट भारीतलं घ्या." आता सगळं वापरून झाल्यावर माझं मत नेमकं उलटं आहे. जॅकेट तिकडं भाड्यानं घ्या, पैसे अंगालगतच्या कपड्यांवर घाला.

याचं कारण तिथल्या हवेत आहे. गाव वाकाटिपू तळ्याच्या काठावर, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. तळं गोठत नाही, गावात बर्फ फारसा टिकत नाही. जुलैत दुपारी पारा आठ अंशांच्या आसपास, त्यात पावसाची भुरभुर. खरा बर्फ वर डोंगरावर : कोरोनेट पीक १,६४९ मीटर, रिमार्केबल्स डोंगरावर माणसं वर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट तर १,९०० मीटरच्याही वर जाते. म्हणजे सकाळी वर कान झोंबतात आणि दुपारी तळ्याकाठी चालताना तोच पेहराव अंगाला जड होतो. तिथं एक जाडजूड जॅकेट काय कामाचं? काढता-घालता येतील असे थर पाहिजेत.

त्यातला सगळ्यात आतला थर म्हणजे मेरिनो लोकरीची (मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ, बारीक लोकर) बंडी आणि विजार. किंमत ऐकून मी दुकानातून परत फिरणार होतो, जावयानं अडवलं. स्की शिकणारा माणूस थंडीनं नाही, घामानं बेजार होतो. पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. सुती बनियन एकदा भिजलं की वाळत नाही, आणि लिफ्टवर बसलं की तेच ओलं कापड पाठीला चिकटून हुडहुडी भरवतं. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही आणि वासही मारत नाही.

पण तिची खरी परीक्षा इथं झाली. परभणीची डिसेंबरातली थंडी कुणाला सांगायला नको, त्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची. हरभऱ्यात दारं धरताना ही बंडी आणि वर जुनं स्वेटर, बास. अख्खा हिवाळा काढला. पंपघराच्या खिळ्यात अडकून कोपराशी एक भोक पडलं, बाकी कापड शाबूत आहे. धुण्याचा मात्र जाच आहे : गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत आडवं पसरून वाळवायचं. मंडळींनी पहिल्याच आठवड्यात "तुमचं तुम्ही धुवा" म्हणून हात झटकले. उन्हाळ्यात ठेवताना धुऊन, खडखडीत वाळवून हवाबंद पिशवीत घाला. घामट लोकरीला कसर आधी लागते.

आता जॅकेट. दहा हजार मिलिमीटरवालं वॉटरप्रूफ, म्हणजे कापडावर तेवढ्या उंचीचं पाणी उभं केलं तरी आत न झिरपणारं. तिथं चोख चाललं. डाव्या बाहीवर लिफ्टचा पास ठेवायला चेनचा छोटा कप्पा असतो. गेटजवळ बाही गेली की आपोआप वाट मिळते. सध्या त्यात पंपघराची किल्ली असते. पहाटे मोटारसायकलवर हे जॅकेट उत्तम, पण नऊ वाजले की काढून हँडलला अडकवायची वेळ येते. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर होतं. जूनमध्ये काढलं तर शिवणीवरची पट्टी सुटलेली आणि आतल्या लेपाचे पापुद्रे निघालेले. पॉलियुरेथेनचा लेप उष्णता आणि दमटपणा सोसत नाही म्हणे. कंपनीनं "साठवण नीट नाही" म्हणून वॉरंटी नाकारली. लेबलवर तसं एक अक्षर नाही. मराठवाड्यात विकता, मग मराठवाड्याचा मे महिना ठाऊक नको?

आणि भाड्यानं काय मिळत नाही तिथं? स्की, बूट, काठ्या, हेल्मेट, जॅकेट, पँट, सगळं मिळतं. शॉटओव्हर नदीवरच्या जेट बोटीत लांब कोट तेच देतात. कावाराऊ पुलावरच्या बंजीला, म्हणजे पायाला लवचीक दोर बांधून मारायच्या उडीला (४३ मीटर, १९८८ पासून चालू) जॅकेटचा काय संबंध? लेकीनं उडी घेतली, मी कठडा धरून डोळे मिटले.

मोजे मात्र स्वतःचे न्या. लोकरीचे, पातळ, गुडघ्यापर्यंत. स्कीच्या बुटात दोन-दोन मोजे घातले तर पाय आवळून रक्त फिरत नाही आणि उलट जास्त गारठतात.

शेतकऱ्यांसाठी एक खास सूचना. घरचे बूट नेणार असाल तर तळव्यातली काळी माती खिळ्यानं कोरून काढा आणि न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या फॉर्मवर बूट जाहीर करा. बियाणं, खाण्याच्या वस्तू यांनाही तोच नियम. लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. माझे बूट अधिकाऱ्यानं उलटे करून खाचा बघितल्या आणि परत दिले.

शेवटी स्कीचा गॉगल, कारण त्याचा उपयोग मलाच अनपेक्षित होता. बर्फावरून उलटणाऱ्या उन्हासाठी घेतला होता, सोयाबीनच्या मळणीत कामी आला. दुहेरी काच असल्यानं वाफ धरत नाही, भुसा डोळ्यांत जात नाही. फक्त कडेच्या फोममध्ये कुसळं अडकतात, ती ब्रशनं काढावी लागतात. काच आतून कधी पुसायची नाही, वाफ रोखणारा लेप निघतो. मळणीयंत्रवाला दरवेळी मागतो. मी देत नाही, गडी आतून गमछानं पुसतो.