अंधेरीतलं बॉल फिटिंग: ड्रायव्हरपेक्षा वेजनेच जास्त कळलं

गोल्फचा बॉल कुठला घ्यावा हे ठरवायला पैसे देऊन टेस्ट करून घेतली असं घरी सांगितलं तर घरचे आधी हसतात आणि मग बिल बघून हसायचे थांबतात. तरी सांगतो, गेलो ते बरं झालं, फक्त ज्या कामासाठी गेलो ते तिथं अर्धंच झालं आणि ज्याचा विचारही केला नव्हता ते पूर्ण झालं.

अंधेरी वेस्टला एका कमर्शियल बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये हा गोल्फ सिम्युलेटर (पडद्यावर बॉल मारायचा, बाकी मशीन मोजतं) आहे. नाव टाकत नाही, कारण पुढे थोडं वाकडं बोलणार आहे आणि पोरं मेहनती आहेत. आपल्याच क्लबने वॉर्मअप करायचा, मग ते ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, स्विंग स्पीड बघतात. माझा ताशी ८८ मैलांच्या आसपास आला. वीकेंडला खेळणाऱ्या बहुतेक पुरुषांचा नव्वदीच्या आगेमागेच असतो, टीव्हीवर दिसणारे पीजीए टूरवाले सरासरी ११५ च्या जवळ, तेव्हा वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, तरी थोडं वाटतंच.

स्पीड आला की भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट. ८५ च्या खाली सॉफ्ट बॉल, ८५ ते १०५ मीडियम, त्याच्या वर फर्म. फिटर म्हणाला, "सर, तुम्हाला सत्तर-पंच्याहत्तर कॉम्प्रेशन. नव्वदवाला तुमच्याने दबणारच नाही." आणि इथं माझं डोकं जरा सटकलं. अहो, बॉल क्लबफेसला चिकटून असतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, आणि तेवढ्यात तो दबतोच, कोणाच्याही हातून. दबत नसता तर टूरवाल्यांचा वेज (जवळून उंच मारायचा क्लब) शॉट गेला असता का कुठे? तिथं त्यांचाही स्पीड आपल्या ड्रायव्हरइतकाच असतो की. कॉम्प्रेशन म्हणजे ठराविक भार टाकल्यावर बॉल किती चेपतो त्याचा आकडा, मोठा आकडा म्हणजे टणक बॉल, बस. त्यातही सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजतात असं नाही, म्हणून एका डब्यावरचा सत्तर आणि दुसऱ्यावरचा सत्तर सारखे असतीलच असं धरून चालू नका.

कंपन्यांचंही आपापसात जमत नाही. ब्रिजस्टोन आपल्या टूर बी मालिकेत सरळ १०५ च्या स्पीडवर रेघ मारतं, खालच्यांना आरएक्स आणि आरएक्सएस, वरच्यांना एक्स आणि एक्सएस. टायटलिस्ट म्हणतं कॉम्प्रेशन हा फीलचा मामला आहे, बॉल निवडायचा तो ग्रीनपासून (होलभोवतीचं बारीक गवत) मागे टीकडे (पहिला शॉट मारतो ती जागा) येत. मला दुसरं जास्त पटतं, आणि गंमत म्हणजे ते पटलं याच बेसमेंटमध्ये.

कारण पोरांनी टेस्ट मात्र चोख घेतली. रडार मशीनला घरात बॉल जेमतेम काही फूट उडताना दिसतो, त्यामुळे स्पिन, म्हणजे बॉलची गिरकी, नीट मोजायचा तर बॉलवर चमकणारा छोटा धातूचा ठिपका चिकटवावा लागतो. हा पोरगा प्रत्येक बॉल फडक्याने पुसून, नखाने ठिपका दाबून, ठरलेल्या बाजूला वळवून ठेवत होता, एकदाही कंटाळा नाही. बरेच ठिकाणी हे करत नाहीत आणि स्क्रीनवर दिसणारा स्पिन हा मशीनचा अंदाज असतो. तुम्ही कुठेही जा, आधी हा ठिपका विचारा.

आता निकाल. तीन बॉल मारले: कॅलवे सुपरसॉफ्ट (कॉम्प्रेशन चाळीसच्या आसपास), स्रिक्सनचा क्यू-स्टार टूर (सत्तरीतला) आणि टायटलिस्टचा प्रो व्ही१ (नव्वदीच्या आसपास). ड्रायव्हरला तिघांच्या कॅरीत (हवेतल्या अंतरात) एवढा कमी फरक की माझ्या दोन शॉटमध्येच त्याहून जास्त पडतो. प्रो व्ही१ नखभर पुढे, सुपरसॉफ्टला स्पिन कमी म्हणून स्लाइस (बाजूला वळत जाणारा शॉट) जरा कमी वळला. मऊ बॉल जास्त चेपतो, त्यात ऊर्जा थोडी वाया जाते, हे खरं, पण ते टोचतं शंभरच्या वर मारणाऱ्यांना. आपल्या स्पीडला "सॉफ्ट घ्या, वीस यार्ड वाढतील" असं कोणी सांगत असेल तर चहा पिऊन निघा तिथून.

मग मीच म्हटलं चाळीस यार्डाचे वेज मारू या. पॅकेजमध्ये हे नव्हतं, एक्स्ट्रा पैसे न घेता करू दिलं, धन्यवाद. आणि इथं चित्र पालटलं. क्यू-स्टार टूर आणि प्रो व्ही१ दोघांचं कव्हर युरेथेनचं (मऊ प्लास्टिक), सुपरसॉफ्टचं आयोनोमरचं (टणक प्लास्टिक), आणि युरेथेनवाल्यांचा स्पिन जवळपास दीडपट. म्हणजे कॉम्प्रेशनमध्ये लांब असलेले दोन बॉल वेजला भावंडांसारखे वागले, कव्हर वेगळं तो एकटा पडला. ड्रायव्हरला जे हाती लागलं नाही ते इथं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर मे महिन्यात कडक झालेल्या ग्रीनवर चिप (जवळून छोटा शॉट) मारून बॉल न थांबता पलीकडे घरंगळत गेलेला ज्याने पाहिलाय त्याला बॉल थांबवणाऱ्या या स्पिनची किंमत वेगळी सांगायला नको.

दोन तक्रारी. एक, एसी. एवढा गार की हुडी घालावीशी वाटते, आणि थंडीत बॉलचा रबरी गाभा कडक होतो. आपण खेळणार तेहतीस डिग्रीत, घामाघूम, आणि बॉलचा फील ठरवणार फ्रीजमध्ये. पोरांना सांगितलं, हसले. दोन, शेवटी तक्ता जिंकतोच. वेजचे आकडे समोर असताना प्रिंट करून दिलेल्या कागदावर "रेकमेंडेड कॉम्प्रेशन: ७५" एवढंच, कव्हरचा उल्लेख नाही, आणि खाली त्यांच्याच काउंटरवरच्या डझनाची किंमत.

माझं ठरलं ते असं: उन्हाळा-हिवाळ्याला क्यू-स्टार टूर. पावसाळ्यात तसंही फेअरवेवर (टी ते ग्रीनमधलं कापलेलं गवत) रोल शून्य, ग्रीन लोण्यासारखं, कुठलाही बॉल पडल्या जागी थांबतो आणि निम्मे चिखलात रुतून हरवतात, तेव्हा सुपरसॉफ्टच, खिशालाही बरा. प्रो व्ही१ बद्दल काही वाईट नाही, फक्त एका राउंडला चार बॉल झाडीत घालणाऱ्याने तो घेऊ नये एवढंच. कॅडीकडे स्वस्तात मिळणारे जुने बॉल प्रॅक्टिसला ठीक, पण पाण्यात किती दिवस पडून होते कोण सांगणार, मॅचला नको.

आमच्या ग्रुपमधले एक काका, सत्तरी पार, स्पीड सत्तरच्या खालीच, त्यांना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "मला टणक बॉल मारला की मनगटाला झिणझिण्या येतात, मी मऊच घेणार." बरोबर आहे त्यांचं. फील हे कारण पुरेसं आहे, त्याला तक्त्याचा टेकू कशाला.

जाणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा की निम्मा वेळ वेज आणि चिपला हवा, पटर पण घेऊन जा, आणि हातात कागद दिला की स्पिनचे पूर्ण आकडे व्हॉट्सॲपवर मागून घ्या, मागितले की देतात. वीकडेला दुपारी गर्दी नसते. गाडी नेऊ नका, बिल्डिंगमध्ये पार्किंग देत नाहीत, मेट्रोने उतरून बॅग खांद्यावर मारून दहा मिनिटांत पोचता. पाचपैकी साडेतीन, ठिपकेवाल्या पोराला पाच.